लेम फॉक्सचं भूत

"पहाटे तो घोडेस्वार निघून गेला तो गेलाच. आणि ती बिचारी पोर वरच्या खोलीत एकटीच बाळंत होऊन मेली. तीनशे वर्षं झाली," कॉलिन गॉडबीने आवाज खाली आणला, "अजून तिचं रडणं थांबलेलं नाही."

रविवारची दुपार होती. जुने पब बघत गावोगाव हिंडणारी मंडळी हातात ग्लास धरून 'लेम फॉक्स' पबच्या जिन्यापाशी उभी होती. सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. शेकोटीजवळच्या टेबलाशी बसलेल्या ओलिव्हने मात्र पाहिलं नाही. हे भूत तिच्या धाकट्या बहिणीचं होतं.

तीनशे वर्षं कसली, साठसुद्धा धड झाली नव्हती. घोडेस्वार तर मुळातच नव्हता. होता तो कॉलिनचा बाप, पबचा तेव्हाचा मालक, आणि बहीण त्याच्याकडे खोल्या झाडायला होती. गावात बोभाटा नको म्हणून त्याने डॉक्टरही बोलावला नाही. पुढे गिऱ्हाईक आटलं तेव्हा कॉलिनने तीच गोष्ट उचलली, तीनशे वर्षं मागे ढकलून दिली आणि तिच्यावर पब चालवू लागला. पाप पुरेसं जुनं केलं की त्याचा इतिहास होतो, आणि इतिहास बघायला लोक गाड्या करून येतात.

ओलिव्हला दर रविवारी एकच काम असे. कॉलिनने विचारलं की, "हो, मी ऐकलंय तिचं रडणं," एवढं म्हणायचं. बदल्यात भाजलेलं बीफ, बटाटे, वर ग्रेव्ही. जेवणासाठी म्हातारी लाचार झाली, असं गाव म्हणे. म्हणेना का! आईवडिलांनी त्या मुलीचं नाव घरात पुन्हा काढलं नव्हतं. गावानेही नाही. साऱ्या मुलखात तिच्याबद्दल कुणी बोलत असेल तर ते इथेच, खोटं का होईना.

पण आता बाहेरच्या भिंतीवर पाटी लागायची होती. गोष्ट दगडात कोरली जाणार होती. ओलिव्हने मनाशी ठरवलं होतं, घोडेस्वार राहू दे, तीनशे वर्षं राहू देत. नाव तेवढं खरं लागलं पाहिजे.

"सांगा ओलिव्हमावशी," कॉलिन म्हणाला, "रडते की नाही?"

"नाही रडत."

कॉलिनच्या कपाळावर आठी पडली.

"रडायची सोय कुठे होती तिला?" ओलिव्ह म्हणाली. "खाली गिऱ्हाईक बसलं होतं. तुझ्या बापाने दटावलं होतं, तोंडातून आवाज काढलास तर याद राख म्हणून."

मग कॉलिन मोठ्याने हसला. "मावशींना आज दुपारीच चढलीय, मंडळी. या वयात आपल्यालाही अशीच चढो!"

लोक सुटल्यासारखे हसले. निळ्या टोपीतल्या एका बाईने विचारलं, "नाव काय हो त्या मुलीचं?"

"डोरीन." ओलिव्ह उठून उभी राहिली. इतक्या वर्षांत चारचौघांत हे नाव तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. "डोरीन. पाटीवर हे घाल, कॉलिन. बाकी तुला हवं ते लिही, मी चकार शब्द काढणार नाही."

कॉलिनला ते नाव ठाऊक होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि हा हो म्हणणार असं तिला वाटलं. मग त्याने लोकांकडे पाहिलं.

"डोरीन? अहो मावशी, डोरीन म्हणजे पोस्टात तिकिटं विकणारी बाई वाटते. तिला कोण घाबरणार?" हशा पिकला. "भुताचं नाव कसं, जुनं, भारदस्त हवं."

"ॲराबेला?" निळ्या टोपीवाली म्हणाली.

"ॲराबेला!" कॉलिनने टाळी वाजवली. "ठरलं. पाटीवर हेच जाईल. चला वर. डोकी सांभाळा, तुळई बरीच खाली आलीय."

सगळे करकरत्या जिन्याने वर निघाले. कॉलिनने जाता जाता ओलिव्हपुढे ताट ठेवलं.

"जेवून घ्या. गार होतंय." मग तो वाकला. "आणि माझ्या बापाला मध्ये आणायचं नाही. तो मेलाय. मेलेल्यांची काही इज्जत असते."

ओलिव्हने ताटाला हात लावला नाही. वर दार उघडलं, पावलं खोलीभर पांगली. मग त्या बाईचा लाडिक आवाज आला.

"ॲराबेला, असशील तर ओ दे गं."

वर सगळे श्वास रोखून थांबले. खाली ओलिव्हही थांबली.

"देऊ नकोस," ती पुटपुटली. "ओ देऊ नकोस."