डावीकडे

“उजवीकडे, कस्तुरी,” वृंदा ओरडली आणि तिने चेंडू फेकला. मॉरिशसची ती बुटकी बचावपटू तिथे आधीच हात उंचावून उभी होती. पुन्हा चेंडू गेला. मध्यंतरापर्यंत भारत नऊ गोलांनी पुढे होता. ही मुलगी मैदानात उतरली आणि सगळं फिरलं. आता शेवटचं मिनिट उरलं होतं आणि भारत एका गोलाने मागे होता.

नेटबॉलमध्ये चेंडू तीन सेकंदांच्या आत सोडावाच लागतो. म्हणून सांगलीच्या या दोघी परदेशात बिनधास्त मराठीत ओरडून खेळायच्या. तिथे कोणाला कळणार होतं?

बाहेर चाललेल्या चेंडूसाठी वृंदा आणि ती बुटकी एकदमच झेपावल्या आणि आदळून पडल्या. बुटकीने हात देऊन तिला उठवलं.

“लागलं का, ताई?”

म्हणजे हिला त्यांचं सगळं ओरडणं कळत होतं. मॉरिशसमध्येही मराठी घरं आहेत, हे दोघींपैकी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पंचांनी चेंडू भारताला दिला होता. कस्तुरी लांब गोलाच्या रिंगखाली होती, तिला काही सांगायला वेळच नव्हता.

“डावीकडे, कस्तुरी,” वृंदा जिवाच्या आकांताने ओरडली आणि तिने चेंडू उजवीकडे फेकला.

बुटकी फसली. ती डावीकडे धावली. उजवीकडच्या मोकळ्या जागेत चेंडू एक टप्पा घेऊन मैदानाबाहेर गेला आणि शेवटची शिट्टी वाजली.

शाळेपासून वृंदाच्या शब्दावर पळत आलेली कस्तुरी रिंगच्या डाव्या बाजूला अजून हात पसरून उभी होती.