गाठीचं अंग

कोंडाणे गावाच्या वरच्या रानात बिबट्याचे फोटो काढायला मुंबईच्या एका साहेबांनी तीन कॅमेरे आणले होते. जनावरांच्या वाटेवर दोरा आडवा बांधायचा. त्याला पाय लागला की फ्लॅश उडून फोटो निघे. कॅमेरे लावायचं आणि कुठे लावलेत ते ध्यानात ठेवायचं काम नागूचं.

लाकूडफाट्याला जाणाऱ्या बायका अडखळू नयेत म्हणून तो शेजारच्या झाडाला आपल्या बायकोच्या, गोदूबाईच्या, जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधी. गाठ ज्या अंगाला, त्या अंगाला दोरा. चिंधी दिसली की अख्खं गाव जपून पाऊल टाकी.

साहेबांचं काम संपलं, तशी नागूने तिन्ही कॅमेरे काढले, चिंध्या सोडल्या आणि पिशवी खांद्याला अडकवून तो उतरू लागला.

ओढ्याकाठच्या ऐनाच्या झाडाला एक चिंधी होती. लुगडं तेच, गाठही त्याचीच, डावखुरी. दोरा मात्र नव्हता. "इसरलो असंन," म्हणत त्याने ती सोडली.

पुढची चिंधी गावच्या विहिरीपाशी होती. तिथे त्याने कधीच कॅमेरा लावला नव्हता. गाठ त्याच्या घराच्या अंगाला होती.

दिवेलागणीला तो दारात पोचला आणि थबकला. चौकटीला चिंधी होती. गाठ आतल्या अंगाला.

चुलीपुढून गोदूबाई उठली. "दारात काय थांबलाय? आत या की."

"जागची हलू नको गं!" नागू ओरडला आणि त्याने पिशवी चाचपली. तिन्ही कॅमेरे तिच्यातच होते.

गोदूबाईने हसत पाऊल टाकलं, आणि घर पांढरंफक उजळलं.