ज्याला हवं त्याने न्यावं

सोफा जिन्याच्या वळणावर अडकला आणि टीगनला हसू फुटलं. हसलं की तिच्या जबड्यात अजून कळ यायची. वेड नावाच्या तिच्या पहिल्या नवऱ्याने तो मोडला होता.

"हस तू," खालून तिचा आताचा नवरा डार्सी म्हणाला. "माझी कंबर मोडली की याच सोफ्यावर टाक मला."

ऑस्ट्रेलियातल्या जीलाँगमध्ये भाड्याचं घर मिळता मिळत नाही. घर दाखवायच्या दिवशी रांग लागते. रांगेत त्यांच्यापुढे लुपे आणि सिओने हे सामोआ बेटांवरचं जोडपं होतं. त्या इमारतीत दोन घरं रिकामी होती. वरचं टीगन-डार्सीला मिळालं, खालचं लुपे-सिओनेला. दोन्ही जोडप्यांचं भाड्याचं पहिलंच घर.

सामान रस्त्यावरूनच आलं. नगरपालिकेचा ट्रक मोठा कचरा उचलायला यायचा असला की लोक नको ते दाराबाहेर काढून ठेवतात. ज्याला हवं त्याने न्यावं. कुणी विचारत नाही, कुणी लाजत नाही. टेबल मिळालं, सोफा मिळाला आणि शेवटी एक जाड लाल गालिचा. लुपे त्यावरून हात फिरवत राहिली. "नकोसा झाला तर आधी मला सांगायचं हं," म्हणाली.

वेडला हा पत्ता कळू नये, एवढंच टीगनला हवं होतं. कोर्टाने त्याला तिच्याजवळ फिरकायला बंदी केली होती. तो कागद वेडने तिच्यादेखत आपल्या कुत्र्याला फाडायला दिला होता. डीझेल त्या कुत्र्याचं नाव. वेड जिथे, डीझेल तिथे. वेड न्हाव्याकडे गेला तरी तो बाहेर बसून राहायचा, हाकलला तरी हलायचा नाही.

रविवारी दुपारी दारावर लाथ बसली.

डार्सीने तिला न्हाणीघरात ढकललं. "कडी लाव. मी सांगेपर्यंत उघडू नकोस."

दार फुटलं. "कुठंय माझी बायको?" वेडचाच आवाज. काच फुटली, टेबल उलथलं. कुणीतरी भिंतीवर आदळलं आणि भिंतीच्या अलीकडे टीगनच्या पाठीला हादरा बसला. फोन बाहेर राहिला होता. तिने टॉवेल तोंडात कोंबला. मग एक जड, ओला ठोका. मग तसेच आणखी काही. मग काहीच नाही. बऱ्याच वेळाने काहीतरी ओढल्याचा आवाज आला.

"टी, ये बाहेर."

डार्सीचा ओठ फाटला होता. गालिचा गुंडाळून दोरीने करकचून बांधलेला होता.

"कुठंय तो?"

"पळाला. आता नाही यायचा."

पोलिसांना कळवू, असं ती म्हणाली. तो म्हणाला, उद्या बघू. आज कळवलं तर फुटलेल्या दारापायी घरही जाईल. गालिचा रक्ताने भरलाय, धुऊन निघायचा नाही, सकाळी ट्रक येतोच आहे.

तिन्हीसांजेला दोघांनी तो खाली नेला. दोन पायऱ्यांवर थांबावं लागलं. एवढा जड कसा, तिने विचारलं. "पाणी ओतलंय मी त्यावर," तो म्हणाला. कचऱ्याच्या ढिगात ठेवून त्याने वर एक मोडकी गादी टाकली. रस्त्याच्या वळणापलीकडे एक कुत्रं सारखं भुंकत होतं.

त्या रात्री कित्येक महिन्यांनी टीगन गाढ झोपली.

सकाळी डार्सी खिडकीशी खुर्चीतच झोपलेला दिसला. ट्रकची वाट बघता बघता डोळा लागला असावा. तिने त्याच्या अंगावर शाल घातली. तेवढ्यात मोडक्या दारात लुपे येऊन उभी राहिली.

"गालिचा टाकलात आणि मला सांगितलंसुद्धा नाही! आणलाय आम्ही आत. सिओनेची पाठ धरली बघ. कात्री दे जरा, गाठी सुटत नाहीयेत."

"डागाळलाय गं तो," टीगन म्हणाली.

"डागाचं माझ्याकडे लागलं."

टीगनला बरंच वाटलं. वस्तू चांगल्या घरात चालली होती. डार्सीला जाग येऊ नये म्हणून ती कात्री घेऊन पाय न वाजवता खाली उतरली.

सिओने कंबर दाबत उभा होता. "हा कुत्रा कुणाचा गं? गालिच्याला चिकटूनच बसला होता. आम्ही तो उचलला तर मागोमाग घरात आला. हाकलला तरी हलत नाही."

गालिच्याच्या टोकाला नाक लावून डीझेल बसला होता.