हातावरचं ऊन

दहा वाजायला वीस मिनिटं होती. म्हाताऱ्यानं पुन्हा एकदा उजवा हात डोळ्यांजवळ आणला, उलटसुलट करून पाहिला. काही नव्हतं. लाली नाही, फोड नाही, सूज नाही. चौतीस वर्षं बसचं स्टिअरिंग फिरवलेला तो हात होता तसाच होता.

काल बरोबर दहा वाजता मुलीनं त्या हातावर कागदी पिशवी चढवली होती. पिशवीला कपाच्या बुडाएवढं गोल भोक. हात पडद्याबाहेर काढून दहा मिनिटं उन्हात धरायचा आणि चोवीस तासांनी पाहायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या गोलातली कातडी लाल झाली नाही, तर अंधार संपला. आणि मुलगी शनिवारच्या विमानानं जाणार.

"टेस्ट पास झाली की तुम्ही सुटलात," पिशवी काढताना ती म्हणाली होती. तो हसला होता. हसण्यासारखं त्यात काय होतं, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

अन्ननलिकेतल्या गाठीसाठी शिरेतून औषध दिलं, तेव्हा नर्सनं त्याला सगळं समजावलं होतं. औषध इतक्या बारीक कणांत भरलेलं, की केसाच्या जाडीत हजार कण शेजारी शेजारी बसतील. ते कण गाठीत जाऊन साठतात. मग घशातून बारीक तार घालून तांबडा उजेड सोडायचा. उजेड पडला की औषध जागं होतं आणि गाठ तिथल्या तिथे मारतं. "पूर्वीचं औषध अंगभर पसरायचं," नर्स म्हणाली. "माणसाला सहा-सहा आठवडे उन्हापासून लपून बसावं लागायचं. यात दहा दिवसांत मोकळे."

"म्हणजे पूर्वीची गाडी दर थांब्याला थांबायची. ही विनाथांबा," तो म्हणाला होता, आणि नर्स खो खो हसली होती.

आता त्याला ती थांबत थांबत जाणारी गाडी हवी होती.

दहा दिवस. जाड पडदे, पॅसेजमधला एक मिणमिणता दिवा आणि पलंगाशेजारच्या खुर्चीत मुलगी. परदेशी गेल्यापासून नऊ वर्षं ती दर रविवारी फोन करायची. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, ठेवू? इथं एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं म्हणून असेल, पण ती बोलायला लागली. तिसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, की तिचा संसार दोन वर्षांपूर्वीच मोडला, ती एकटीच राहते. तो "हं" एवढंच म्हणाला. पाचव्या दिवशी त्यानं सांगितलं, की तिची आई गेली तेव्हा तो ड्यूटीवर होता, आणि निरोप मिळाल्यावरही त्यानं बस शेवटच्या थांब्यापर्यंत नेली होती. मागे पासष्ट माणसं बसली होती. हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तिनं वाटी उचलली आणि ती त्याला चमच्यानं सूप भरवायला लागली.

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. म्हाताऱ्यानं कानोसा घेतला. मग उशाचा खरखरीत टॉवेल ओढला आणि हाताची मागची बाजू घासायला लागला. घासली, घासली, आग होईपर्यंत घासली.

ती आली तेव्हा टॉवेल पांघरुणाखाली होता.

"बघू," म्हणत तिनं पडदा बोटभर सरकवला आणि त्याचा हात हातात घेतला.

"लाल दिसतंय," तोच आधी म्हणाला. "झोंबतंयसुद्धा. अजून आठ-पंधरा दिवस तरी काढावे लागणार असं दिसतंय. नशीब माझं."

तिचं बोट त्या लालीवरून सावकाश फिरत गेलं. खाली मनगटापर्यंत, वर बोटांच्या पेरांपर्यंत. तिथं थांबलं. शाळेत कॉपी करताना सापडावं तसं त्याला झालं.

"बाबा," ती म्हणाली, "भोक एवढं मोठं नव्हतं."

बाहेरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. म्हातारा पांघरुणाची कड चाचपडत राहिला.

"राहतेस का अजून थोडे दिवस?"

आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. दर सुट्टीच्या शेवटी, तिची बॅग दाराशी आली की हे वाक्य त्याच्या तोंडाशी यायचं, आणि दर वेळी तो म्हणायचा, पासपोर्ट घेतलास ना नीट?

ती उठली. कपाटातलं क्रीम काढून तिनं त्याच्या हाताला लावलं, मनगटापासून पेरांपर्यंत, जराही घाई न करता. मग फोन घेऊन खिडकीशी गेली आणि पडदा हातभर बाजूला सारला. ऊन आत आलं, पलंगाच्या पायथ्याशी पडलं. दहा दिवसांत पहिल्यांदाच त्याला तिचा चेहरा नीट दिसला. डोळ्यांखाली काळं झालं होतं. कानशिलावर पांढऱ्या केसांची एक बट होती. ही कधी आली?

"शनिवारी नाही येत मी," ती फोनवर ऑफिसातल्या कुणाला तरी सांगत होती. "नाही, नाही, ते बरे आहेत. टेस्टही पास झाली. मलाच थोडे दिवस हवेत."