खोडलेली दुरुस्ती

पुस्तक परत आलं आणि मुद्रितशोधकांच्या कपाळाला आठी पडली. एकशे बाराव्या पानावरची त्यांची पेन्सिलीची दुरुस्ती कुणीतरी खोडली होती. कुणीतरी म्हणजे वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनीच. दुसऱ्या कुणाच्या हाती ते गेलंच नव्हतं.

पुस्तक नदीच्या इतिहासाचं होतं आणि अगदीच फुसकं निघालं होतं. पाच पानं उगमाची, पन्नास पानं पुलांच्या उद्घाटनांची, आणि नदी आपली कुठेच नाही. मुद्रितशोधकांनी मोठ्या हौसेने ते आणलं आणि पानोपानी डोकं धरलं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी हातातली पेन्सिल सुटत नव्हती. सदतीस चुका निघाल्या. मग हे एकट्यानेच का सोसायचं, म्हणून त्यांनी पुस्तक बाईंना दिलं. दोघांचं हे नेहमीचंच होतं. वाचायचं आणि जिन्यात उभं राहून लेखकाची सालटी काढायची.

या खेपेला मात्र बाई जिन्यात थांबल्याच नाहीत. दोन दिवसांत संपवायच्या, तिथे तीन आठवडे लावले. आणि आता ही खाडाखोड. छत्तीस दुरुस्त्या जशाच्या तशा, तेवढी एकच गायब. मुद्रितशोधकांना काही उमजेना.

पुस्तकात वाक्य होतं, 'महापुरात होडी उलटून तीन जण बुडाले.' त्यांनी तीनचं दोन केलं होतं. उगीच नाही. सरकारी छापखान्यात असताना त्या महापुराच्या अहवालाची प्रुफं त्यांनीच तपासली होती. त्यात दोनच होते.

पुस्तक घेऊन ते तडक वर गेले. बाई मशीनवर बसल्या होत्या.

"अहो ताई, नेमकी हीच का खोडली? बाकी सगळ्या चालल्या तुम्हाला!"

बाईंनी मशीन थांबवलं. हातातली बाही बाजूला ठेवली.

"काका, त्या होडीत माझे बाबा होते. ते सापडलेच नाहीत. अहवालात दोनच आले. मग सगळे म्हणायला लागले, हा पळून गेला. आई मरेपर्यंत त्यांना शिव्या घालत होती. मीसुद्धा." त्या पुस्तकाकडे बघत राहिल्या. "तीन लिहिलेलं आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. चूक असली तर असू दे ना तेवढी एक."

मुद्रितशोधक पुस्तक घेऊन बाहेर आले. मनात नुसता गोंधळ माजला होता. इतका गचाळ लेखक, याने तीन आणले कुठून? अहवालात तर दोनच. स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेले.

अर्ध्या जिन्यात त्यांचे पाय थांबले. चाळीस वर्षांपूर्वीचा, ओल्या शाईचा तो प्रुफाचा कागद समोर आला. वर मजकूर होता, खाली तक्ता. तक्त्यात लिहिलं होतं, 'सापडलेले मृतदेह: दोन.' वरचा आकडा त्याच्याशी जुळत नव्हता. साहेब रजेवर होते, छपाई खोळंबली होती, विचारायला कुणी नव्हतं. आणि हातात पेन्सिल होती.

ते वळले आणि पुन्हा वर गेले. मशीन अजून बंदच होतं.

"ताई," ते दारातूनच म्हणाले, "अहवालातही तीनच होते. दोन मी केले."