भिंतीपलीकडची बोंब

शिंप्याचं डोकं फिरलं होतं. शिलाई मशीनला टेकवलेल्या मोबाईलवर गोलंदाज अजून धावत असायचा, तोवर भिंतीपलीकडचे शेजारी "आउट!" म्हणून बोंबलायचे.

"लेकाच्यांनी मॅचची पार माती केली!"

"त्यांच्या टीव्हीवर आधी दिसतं. आपल्या मोबाईलवर सगळं मागून येतं," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

"मग तोंडं तरी बंद ठेवावीत!"

त्याने चिडून भिंतीवर मूठ आपटली. पलीकडे एकदम शांत झालं.

मग पलीकडूनच त्याच्या बायकोच्या आवाजात हंबरडा ऐकू आला, "अहो, डोळे उघडा ना!"

इकडे ती गुणगुणत भांडी लावत होती.

मोबाईलवरचं चित्र अडकलं. गोल चक्र फिरू लागलं. भांड्यांचा आवाज थांबला.

"अहो," स्वयंपाकघरातून ती म्हणाली, "असे गप्प का झालात?"