काळी चकती

या मंडळी, जवळ सरका. एका दुर्बिणीची कथा सांगतो.

अंतराळातल्या दुर्बिणीनं परक्या ताऱ्याचा ग्रह टिपला. तो फोटो प्रसिद्धीवाल्या सोनटक्क्यांकडून तिसऱ्यांदा सजून आला, तेव्हा खगोलशास्त्रज्ञ नेवगीबाईंनी कपाळावर हात मारला.

"मधला काळा डाग काढून झगझगीत तारा बसवलाय, मॅडम. शेजारची धूळही पुसली."

"अहो देवमाणसा, ती धूळ म्हणजेच ग्रह! दुर्बिणीतली काळी चकती ताऱ्याचं तेज झाकते, म्हणून तर तो दिसला!"

"पण काळं शोभत नाही हो."

"आपल्या कार्यशाळेतल्या पांचाळमामांनी नऊ वर्षं खपून घडवलीय ती चकती. ग्रह दिसायच्या आधीच गेले बिचारे. त्यांना पुसताय तुम्ही!"

सोनटक्क्यांनी मूळ फोटो छापायला दिला.

बाबांनो, तो पाहाल तेव्हा ग्रहाला हात जोडा. पण आधी मामांना आठवा.